नुसतं साध्य भिंतीवर

जे हवं आहे त्याची चित्रं गोळा करावीत, एका फलकावर चिकटवावीत, सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं दिसेल अशा जागी तो फलक टांगावा आणि रोज त्याच्याकडे मन लावून पाहावं. पाहता पाहता ते आपल्याकडे चालत येतं. व्हिजन बोर्डामागची ही समजूत आता महानगरांपुरती राहिलेली नाही. रायगडच्या किनाऱ्यावर ती दोन वाटांनी पोचली. एक वाट मांडव्याच्या जेट्टीवरून येते: अलिबाग, नागाव, काशीदच्या रिसॉर्टांत जोडून सुट्टी आली की भरणारी आत्मविकासाची शिबिरं. दुसरी शाळा-कॉलेजांतल्या मार्गदर्शन वर्गांतून, स्पर्धा परीक्षांच्या क्लासांतून आणि मोबाइलवरच्या व्याख्यानांतून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या घरांत शिरते. पहिल्या वाटेशी माझं भांडण नाही. ज्याच्या हाताशी वेळ आणि पैसा दोन्ही आहे, त्याचं अशा दोन दिवसांनी फारसं बिघडत नाही. दुसऱ्या वाटेबद्दल मात्र गप्प बसवत नाही. ज्या घरात मुलीला नोकरीच्या तयारीसाठी दोन वर्षं मिळतात आणि तिसऱ्या वर्षी लग्नाचं बोलणं सुरू होतं, तिथे त्या दोन वर्षांतली उमेद कुठे खर्ची पडते हा तिच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो मांडणाऱ्यांतले पुष्कळजण मुलांचं भलं चिंतणारे आहेत. ते म्हणतात: काय हवं तेच ज्याला ठाऊक नाही, तो पोचणार कुठे? चित्र समोर असलं की मन भरकटत नाही. मेंदूत एक चाळणी असते. तिला चित्र दाखवून ठेवलं की ती नेमक्या संधी टिपून घेते. मोठे खेळाडू सामन्याआधी डोळे मिटून विजय पाहतात. ध्येय लिहून ठेवणारेच पुढे श्रीमंत झाले, असं अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठाने सिद्ध केलं आहे. आणि यात परकं काय आहे? आपल्याकडे संकल्प आहे, ध्यान आहे, मूर्ती समोर ठेवून केलेली उपासना आहे. शेवटी, समजा काहीच साधलं नाही, तरी नुकसान कोणतं? पोर चार दिवस आनंदात तरी राहतं.

या मताचं कूळ फार जुनं नाही. वॉलेस वॉटल्स यांचं श्रीमंत होण्याच्या शास्त्रावरचं पुस्तक 1910 सालचं, नेपोलियन हिल यांचं 'थिंक अँड ग्रो रिच' 1937 सालचं. वॉटल्स वाचून प्रेरित झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या रॉन्डा बर्न यांनी 2006 साली 'द सिक्रेट' हा चित्रपट आणि त्याच नावाचं पुस्तक काढलं, आणि विचार आपल्यासारख्याच घटना ओढून आणतात हा दावा घरोघर पोचला. भिंतीवरच्या फलकाला आजचं माहात्म्य मिळालं ते तिथून.

विद्यापीठाचा दाखला आधी निकालात काढू. येलच्या 1953 सालच्या पदवीधरांपैकी 3 टक्क्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली, अशी ती गोष्ट आहे. सांगणारा कधी येलच्या जागी हार्वर्ड घालतो, कधी साल बदलतो. असा अभ्यास झालेलाच नाही. 'फास्ट कंपनी' या मासिकाने 1996 साली त्याचा माग काढला तेव्हा मूळ कुठेच सापडलं नाही, येलनेही तसा अभ्यास झाल्याचं नाकारलं. तरीही आपल्याकडची व्याख्यानं आजही या गोष्टीने सुरू होतात. मुलांपुढे उभं राहून बोलणाऱ्याने एवढी तरी शहानिशा केलीच पाहिजे.

मेंदूतल्या चाळणीचीही तीच गत. रेटिक्युलर ॲक्टिव्हेटिंग सिस्टिम हे तिचं नाव. ज्युसेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मगून यांनी 1949 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की मेंदूस्तंभातला हा भाग उत्तेजित केला की झोपाळलेला मेंदू जागा होतो. शोध मोठाच होता. झोप, जाग, शुद्ध-बेशुद्धी समजायला त्याने फार मदत झाली. पण भिंतीवरचं कात्रण पाहून हा भाग नोकरीच्या संधी हुडकून काढतो, हे त्या प्रयोगांत कुठेही नाही. स्कूटर घ्यायची ठरवली की रस्त्यावर तीच स्कूटर जास्त नजरेत भरते, एवढं खरं. नजरेत भरण्यापासून दारात उभी राहण्यापर्यंत जे काही करावं लागतं, त्याचा भार कुठलीही चाळणी उचलत नाही.

खेळाडूंचा दाखला जास्त वजनदार आहे. मनातल्या मनात केलेल्या सरावाचा फायदा होतो. ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांनी 1994 साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात हा फायदा स्पष्ट दिसला. प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी, पण दिसला. मात्र तिथे मनात घोळवायची असते ती कृती: पाऊल कुठे पडलं, खांदा केव्हा वळला, हात केव्हा सुटला. पदक गळ्यात पडल्याचं चित्र पाहत बसणं हा त्या सरावाचा भाग नव्हे. फलकावर तर पदकच असतं.

आता परंपरेचा आधार. तो सगळ्यांत सहज दिला जातो आणि सगळ्यांत कमी तपासला जातो. आपल्या घरी पूजेला गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा काय घडतं ते आठवा. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, आपण आहोत तो देश, आपलं गोत्र आणि नाव, मग हवं असलेलं फळ, आणि लगेच त्याच वाक्यात आता मी अमुक कर्म करतो याचा उच्चार. पाणी सोडलं की कर्माला सुरुवात. फळाचा उल्लेख एकदाच येतो आणि तोही करायच्या कामाला बांधलेला. ध्यानाचंही तसंच: मूर्तीचं रूप मनात आणलं की पुढे आवाहनापासून उपचार रांगेने उभे असतात. ध्यान करून उठून गेलं तर पूजा झाली असं कुणी म्हणत नाही.

मीमांसकांनी तर याचा काटेकोर विचार करून ठेवला आहे. विधिवाक्याचा अर्थ लावताना त्यांनी तीन प्रश्न धरले: काय साधायचं, कशाने साधायचं, कसं साधायचं. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. एकनाथांच्या वंशातले मानले जाणारे आपदेव यांनी सतराव्या शतकात 'मीमांसान्यायप्रकाश' लिहून हा विचार शिकणाऱ्यांसाठी सुटा करून मांडला. स्वर्ग हे साध्य. याग हे साधन. प्रयाजासारखी अंगं ही इतिकर्तव्यता. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत वाक्याची आकांक्षा पुरी होत नाही, म्हणजे ते अपुरंच राहतं. स्वर्ग हवा एवढंच म्हणणाऱ्याला त्यांनी अजून काही बोललेला मानलंच नसतं. व्हिजन बोर्ड तीनपैकी पहिल्या प्रश्नावर थांबतो. त्याला परंपरेचा आशीर्वाद द्यायचा असेल, तर उरलेले दोन प्रश्न कुठे गेले हे आधी सांगावं लागेल.

राहिलं ते नुकसान काय हे विचारणं. मला हाच पूर्वपक्षाचा खरा गाभा वाटतो, आणि त्याचं उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मानसशास्त्राने चांगलं दिलं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांनी थॉमस वॅडन यांच्यासह 1991 साली वजन कमी करू पाहणाऱ्या 25 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल अशी अपेक्षा कितपत आहे, हे त्यांनी विचारलं. आणि स्वतंत्रपणे, बारीक झाल्याची मनोराज्यं किती गोड आहेत, हेही पाहिलं. वर्षभराने दोन्हींचा परिणाम उलट दिशांना गेलेला आढळला. जमेल अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. मनोराज्यं जितकी गोड, तितकं वजन कमी उतरलं. गोड मनोराज्यं करणाऱ्यांत आणि अडचणी पाहणाऱ्यांत सुमारे 11 किलोंचा फरक पडला. अभ्यास लहान होता हे मान्य. पण पुढे ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांची दोन वर्षांनी विचारपूस केली, तेव्हाही तेच: यशाची स्वप्नं वरचेवर रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला.

अपेक्षा आणि मनोराज्य यांतला हा भेद व्हिजन बोर्डाचे पुरस्कर्ते करत नाहीत, आणि सारा घोटाळा तिथे आहे. अपेक्षा अनुभवातून येते: मागच्या महिन्यात एवढं जमलं, म्हणून पुढच्या महिन्यात एवढं जमेल. मनोराज्याला मागचा महिना लागत नाही. ओटिंगेन आणि हेदर कॅपेस यांनी 2011 साली दाखवलं, की गोड मनोराज्यानंतर माणसाचा सिस्टॉलिक रक्तदाब उतरतो, अंगातली तयारी सैल पडते. मन हवं ते मिळाल्यासारखं विसावतं. मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही हे आपण जाणतो. पण भूक मात्र मंदावते, हे नव्याने कळलं आहे. ज्याला अजून मैलभर पळायचं आहे, त्याची भूक मंदावणं हे नुकसानच आहे.

कुणी म्हणेल, हे फक्त सहसंबंध झाले. तर 1999 सालचा लिएन फाम आणि शेली टेलर यांचा प्रयोग घ्या. परीक्षेआधी काही दिवस विद्यार्थ्यांच्या एका गटाने रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याचा क्षण डोळ्यांपुढे आणला. दुसऱ्या गटाने आपण कुठे, कधी, कसे अभ्यासाला बसतो ते आणलं. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. गुणांचं चित्र पाहणाऱ्यांना चित्राचा उपयोग झाला नाही.

असं का व्हावं? माझं मत असं, की फलकावर लावण्याजोग्या चित्रात अडचण मावतच नाही. आमच्या किनाऱ्याचंच घ्या. समुद्राकाठचं घर हे शहरातल्या कितीतरी फलकांवरचं स्वप्न आहे. नारळाची झावळी, पांढरी भिंत, समोर पाणी. खारा वारा दोन पावसाळ्यांत खिडकीच्या बिजागऱ्या खातो, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या दुपारभरात आडव्या झाल्या. हे त्या चित्रात येणार कसं? इथे राहणारा माणूस त्या सगळ्यासकट इथे राहतो. वादळानंतर पुन्हा सुपारी लावणाऱ्याने आधी केळी लावल्या, कारण कोवळ्या रोपाला सावली लागते आणि सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर हातात काही यायला हवं. त्याच्या डोळ्यांपुढे भरलेली वाडी नव्हती असं नाही. पण तिच्यापर्यंतची वर्षंही होती.

रेवदंड्याजवळच्या एका घरात पाहिलेला फलक मला विसरता येत नाही. थर्माकोलचा, कडेने सोनेरी लेस लावलेला. मधोमध खाकी वर्दीतली महिला अधिकारी, वर दिव्याची गाडी, कोपऱ्यात पक्कं घर आणि आईच्या खांद्यावर साडी ठेवणारी मुलगी. ही पोर पोलीस भरतीची तयारी करत होती. शिपाई भरतीची शारीरिक चाचणी 50 गुणांची असते: मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावणं, 4 किलोचा गोळा. लेखी परीक्षा 100 गुणांची. फलकावर यातलं काही नव्हतं. ती पहाटे सहाला पुळणीवर पळायला जायची, कारण ओहोटीची ओली, घट्ट वाळू पळायला बरी. पण तिचं म्हणणं असं, की आठवडा-दीड आठवडा नीट जमतं आणि मग तीन-चार दिवस खाडा होतो. क्लासमध्ये सांगितलं होतं, की चित्रावर मन पुरेसं एकाग्र होत नाही म्हणून असं होतं. ती स्वतःला आळशी समजू लागली होती.

घरात तिचे आजोबा होते, सारा जन्म होडीवर काढलेले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाज मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. म्हणजे सप्तमी ते नवमी, दोन्ही पक्षांत, पहाटे सहाला घट्ट वाळू पाण्याखाली असते आणि वर उरते ती पाय रुतणारी कोरडी वाळू. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास सहाला पाणी लांब ओसरलेलं असतं. खाडे नेमके कुठे पडत होते ते कळलं. पोरीचं मन कच्चं नव्हतं, भरतीची वेळ तिच्या वेळेवर येत होती. मग तिने कॅलेंडरवर त्या तीन-तीन तिथ्यांना खूण केली: पाणी वर असेल त्या सकाळी शाळेच्या मैदानावर गोळा आणि 100 मीटर, बाकी दिवशी पुळणीवर 800. पीटर गोल्विट्झर यांनी याच तऱ्हेच्या 'असं झालं तर मी हे करीन' या बेतांचा अभ्यास केला आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असे बेत बांधणारे आपलं उद्दिष्ट नुसत्या इच्छेवर विसंबणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त गाठतात असं दिसलं. आजोबांना हे संशोधन ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना पाणी ठाऊक होतं.

अडथळ्यापासून सुरुवात करून मोठं काम कसं उभं राहतं, याचा दाखला अलिबागेतच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर 1859 मधलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथे नोंदलं गेलं. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचं ठरू लागलं आणि त्या विजेने उपकरणं बिघडणार हे उघड झालं. वेधशाळेचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडचं, सुमारे 30 किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. इमारत पोरबंदरच्या दगडाची, चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याची, लोखंड वर्ज्य. आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं ते पुढे: 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मोजमापं एकमेकांशी जुळवता यावीत. विजेची ट्राम 1907 मध्ये धावली तेव्हा चुंबकीय काम अलिबागेत कधीच स्थिरावलं होतं. त्या दूरदृष्टीमुळे ही मालिका तुटली नाही, आणि 1859 च्या वादळाची तीव्रता ठरवताना 2003 साली शास्त्रज्ञांना कुलाब्याच्याच नोंदींकडे यावं लागलं. त्या कामाचं स्वप्नचित्र काढायचं म्हटलं तर काढणार काय? सलग चालू राहिलेली एक रेघ. पण तिला धोका कशापासून आहे, तो केव्हा येणार आणि त्याआधी काय उरकायचं, हे सारं कागदावर मांडता आलं.

व्हिजन बोर्डाच्या तत्त्वज्ञानात आणखी एक क्रूरपणा लपलेला आहे, आणि मला त्याची सगळ्यांत जास्त चीड आहे. मनाची ओढ पुरेशी असली की मिळतं, असं मानलं तर ज्याला मिळालं नाही त्याची ओढच कमी होती, असा निष्कर्ष आपोआप निघतो. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांना हे कुणी सांगून पाहिलं असतं का? खोतांच्या जमिनी कसणाऱ्या या कुळांच्या हाती घाम गाळूनही पोटापुरतं उरत नव्हतं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 साली त्यांनी संप केला: खोताची जमीन कसायचीच नाही. आसपासची पंचवीसएक गावं त्यात उतरली आणि संप 1939 पर्यंत टिकला. शेतकऱ्याने सहा हंगाम नांगर न धरणं म्हणजे काय, हे भातशेतीच्या मुलखात वाढलेल्यालाच कळेल. लाकूडफाटा आणि मिळेल ती मजुरी यांवर माणसांनी दिवस काढले. डॉ. आंबेडकर 1934 साली चरीला आले, 1937 साली त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि 1939 च्या कायद्याने कुळांना पहिलं संरक्षण मिळालं. या माणसांना काय हवं होतं ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. साध्याच्या चित्राची उणीव कधीच नव्हती. संघटना, पोटाची सोय, विधिमंडळात मांडणारा आवाज, म्हणजे साधन आणि इतिकर्तव्यता, हे मिळालं तेव्हा चित्र हललं. ज्यांच्या वाटेत खोत उभा आहे, त्यांना तुमची ओढ कमी पडते असं सांगणं हा अन्याय आहे, आणि आज खोताची जागा फी, बसचं भाडं आणि घरातलं आजारपण यांनी घेतली असली तरी तो अन्यायच आहे.

मग फलकाचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या दीर्घ संशोधनातून दिसतं, की नेमकं आणि जरा अवघड उद्दिष्ट असलं तर माणूस मोघम उद्दिष्टापेक्षा जास्त काम करतो. अट अशी, की आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळत राहिलं पाहिजे. कात्रणं निवडताना एखाद्या मुलीला पहिल्यांदा उमगतं, की तिला मास्तरीण व्हायचं नसून परिचारिका व्हायचंय, तर त्या दुपारचं चीज झालं. स्वप्न पाहायची मुभाच नसलेल्या घरात चित्र भिंतीवर लावणं हेही धाडस असतं, त्याचा मी मान ठेवतो. ओटिंगेन यांनीसुद्धा इच्छा आणि तिच्या पूर्तीचं चित्र यांनाच पहिलं स्थान दिलं आहे; त्यानंतर लगेच, आपल्याच आतला आणि वाटेतला अडथळा तितक्याच स्पष्टपणे पाहायचा आणि मग बेत आखायचा, असा त्यांचा क्रम आहे.

म्हणून शाळा-कॉलेजांत हे वर्ग घेणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. तासातली दहा मिनिटं चित्राला द्या आणि उरलेली पन्नास पुढच्या दोन प्रश्नांना. भरतीची जाहिरात वर्गात आणून पात्रतेची ओळ मोठ्याने वाचा. वयाची मर्यादा कोणत्या तारखेला मोजतात ते पाहू द्या. अधिवास, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर यांतले कोणते दाखले लागणार आणि त्यांतले आज घरात कोणते आहेत, हे प्रत्येकाला वहीत लिहू द्या. जो दाखला नसेल तो संबंधित कार्यालयातून मिळायला किती दिवस लागतात, हे चौकशी करून यायला सांगा, आणि पुढच्या तासाला तो आकडा फळ्यावर घ्या.